खाकी कागदावरचे मासे

भिंतीवरचे कागदी मासे उतरवायचं काम दादाने स्वतःकडे घेतलं आणि तिथेच सगळं बिनसलं. धाकट्याकडे दिलं असतं तर तो खिळे उपटून, सगळ्यांची एक सुरळी करून, वर दोरी बांधून केव्हाच मोकळा झाला असता. पण दुसऱ्याने केलेलं कुठलंही काम दादाला पटत नाही, हा त्याचा जुना रोग.

बाकी बेत सरळ होता. दुपारी मोठ्या क्लबचा माणूस येणार, तळ्याचा आणि या पत्र्याच्या खोलीचा ताबा घेणार, आणि दादाच्या वडिलांनी, आप्पांनी सुरू केलेला मासेमारी क्लब या रविवारी बंद होणार. मोठा क्लब इथे तिकीट लावणार होता, रंगीत छत्र्या आणि होड्या आणणार होता. अध्यक्ष दादा. तो हो म्हणाला की झालं. हात वर करून मतं मोजायची थेरं आप्पांनी क्लबात कधी शिरू दिली नव्हती. नियम एकच: ज्याचा मासा सगळ्यांत मोठा, तो अध्यक्ष, आणि त्याहून मोठा मासा कुणी काढेपर्यंत शब्द त्याचा. गेली तीसेक वर्षं शब्द दादाचा होता.

"शिडी नीट धर," दादा वरून म्हणाला.

"धरलीय. तूच थरथरतोयस," धाकटा म्हणाला. पन्नाशी उलटली, वायरमन म्हणून अर्ध्या वस्तीत त्याचं नाव झालं, तरी घरात तो धाकटाच.

"मी नाही, गुडघे थरथरतायत."

"मी तेच म्हणतेय केव्हापासून," कोपऱ्यात चहाची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत बसलेल्या वहिनी म्हणाल्या. "गेल्या थंडीत चिखलात बसले ते बसलेच. दोघांनी बगलेत हात घालून ओढून काढलं. या वयात माणसाने घरी बसावं."

दादाने पुढचा खिळा उपटला. बायकोच्या बोलण्याला उत्तर न देणं हे त्याला लग्नाच्या इतक्या वर्षांत बऱ्यापैकी जमायला लागलं होतं.

तेवढ्यात ताई आली. ताई दोघांच्या मधली. आप्पांच्या हाताखाली शिवण शिकली आणि लग्नानंतर स्वतःचं ब्लाउजांचं दुकान चालवलं. दारातूनच तिने फर्मान सोडलं. "दादा, माझा मासा मला दे. बाकीचे जाळ नाहीतर पुर."

"तुझा कुठला, चिमे? दाजींचा."

"नवऱ्याचा तो माझाच. आणि कापलाय मी."

"आलेत का ते?"

"आलेत. बाहेर पायरीवर बसलेत. आत येणार नाहीत, आणि तू बोलवायला जाऊ नकोस. बोलवायला जाशील आणि अपमान करून येशील."

धाकट्याने शिडीआडून वहिनींकडे बघितलं. वहिनींनी डोळे मिटून मान हलवली. याचा अर्थ या घरात सगळ्यांना ठाऊक होता: विषय निघाला, आता आवरा.

क्लब सुरू झाला तो दिवस आपल्याला आठवतो, असं धाकटा लोकांना सांगतो. तेव्हा तो पाळण्यात होता, त्यामुळे ही शुद्ध थाप. पण इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला ते सगळं डोळ्यांसमोर दिसायचं. आप्पांचं शिवणाचं दुकान. ट्रायलला आलेले पोस्टमन आणि पाववाला, दोघांच्या अंगावर एकेका बाहीचे कोट, आणि गप्पा मासे धरण्याच्या. वस्तीबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीचा खड्डा पाण्याने भरून तळं झालं होतं. त्यात मासा औषधालाही नव्हता. "नसू दे," आप्पा म्हणाले, "आधी क्लब तर काढू." तर आधी क्लब निघाला, मग नियम झाला, आणि मग पाववाल्याच्या पिठाच्या डब्यांतून माशांची पिल्लं आली. पहिली दोन वर्षं ही मंडळी गळ टाकून पिल्लं मोठी व्हायची वाट बघत नुसती काठावर बसून राहायची. तेव्हासारख्या गप्पा पुढे कधी झाल्या नाहीत, असं आप्पा शेवटपर्यंत म्हणत.

मासे मोजण्याची तऱ्हाही तशीच. तराजूच्या आकड्याला मासा लटकवला तर त्याचा जबडा फाटणार, ते आप्पांना बघवेना. टेप होती, पण वळवळणारा मासा टेपेला दाद देईना. मग त्यांनी त्यांना येत होतं तेच केलं. ओल्या फळीवर खाकी कागद, कागदावर मासा, आणि भोवती निळ्या पेन्सिलीची एक रेघ, हात न उचलता. मासा पाण्याबाहेर आहे तोवर सगळ्यांनी श्वास रोखून धरायचा, असा दंडक होता. "त्याला जे होतं ते आपल्यालाही कळू दे," म्हणायचे. मासा पाण्यात सोडला की काठावर सगळे एकदम धापा टाकायचे. मग तो वास मारणारा कागद दुकानात जायचा. नव्या कागदावर तो ठेवून रेघेवरून दातेरी चक्री फिरवली की खालच्या कागदावर ठिपक्यांची ओळ उठायची. ओला कागद कचऱ्यात, आणि नव्यातून कात्रीने कापलेला मासा गिऱ्हाइकांच्या बाह्या-कॉलरांच्या कागदांशेजारी आकड्याला. एकदा घाईघाईत आप्पांनी वकिलाच्या कोटाची बाही पाववाल्याच्या माशावर बेतली. वकील भला माणूस. रागावला, हसला आणि सभासद झाला. तेव्हापासून मासे तळ्यावरच्या खोलीत भिंतीला.

काय ते रविवार होते, धाकट्याच्या मनात आलं. आणि आता आपणच शिडी धरून सगळं उतरवतोय.

त्या सुखाला तडा गेला तो दोन माशांनी. दादाने त्याचा मोठा मासा काढला त्याच हंगामात पुढे दाजींनीही एक काढला. दाजी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. ताईशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आप्पा त्या आठवड्यात तापाने फणफणले होते, म्हणून कागद ताईने कापला. भिंतीवर शेजारी शेजारी लावले तेव्हा दादाचा मासा बोटभर लांब निघाला.

"माझा मोठा होता," दाजी म्हणाले होते. "माझ्या हातात होता तो. मला ठाऊक आहे."

दादा तेव्हा तरुण. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "दाजी, छापखान्यात उलटी अक्षरं वाचून वाचून तुम्हाला सगळंच उलटं दिसायला लागलंय." सगळी खोली हसली. आप्पाही हसले, आणि दाजींनी तेवढंच बघितलं. त्यानंतर ते सासुरवाडीला येत, कुणाच्या आजारपणात रात्र रात्र जागत, आप्पांच्या शेवटच्या दिवसांत तर घरचे कमी आणि दाजी जास्त जागले. पण तळ्यावर त्यांनी पाऊल टाकलं नाही.

दादाने आपला मासा सगळ्यांत शेवटी उतरवला. शिडीवरून खाली आला, कागदावरची धूळ फुंकली आणि कसर लागलीय का ते बघायला तो खिडकीच्या उजेडात धरला. कसर नव्हती. कडेपासून बोटभर आत, माशाच्या अंगाअंगाने ठिपक्यांची ओळ फिरलेली होती. दादाला हसू आलं. आप्पांनी माया सोडली होती.

शिवणारा माणूस कापड बेतताना शिवणीपलीकडे बोटभर जादा सोडतो, ती माया. गिऱ्हाईक अंगाने भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. आप्पांचा हात माया सोडल्याशिवाय कापतच नसे. पोरांच्या वहीला कव्हर घातलं तरी बोटभर जादा. चपलेसाठी पुठ्ठा कापला तरी बोटभर जादा. माशालाही सोडलीच म्हणायची, दादा मनात म्हणाला, आणि सहज म्हणून दाजींचा कागद उजेडात धरला.

आत ठिपके नव्हते. त्याने चष्मा पुसला. ठिपके होते, पण थेट कडेवर, कात्रीने अर्धे अर्धे कापलेले.

त्याने पाववाल्याचा मासा बघितला. बोटभर आत. पोस्टमनचा. बोटभर आत. वकिलाचाही. दुकान आप्पांनंतर दादानेच चालवलं होतं, उभं आयुष्य कातरकामात गेलं होतं. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. भिंतीवरच्या सगळ्या माशांना माया होती, फक्त दाजींच्या माशाला नव्हती. आपल्या माशाचं डोक्याकडचं एक बोट गेलं, शेपटीकडचं एक गेलं. आणि मोठा होता तो एकाच बोटाने.

दादा स्टुलावर बसला. दोन्ही कागद त्याच्या मांडीवर होते.

इकडे खोलीत वेगळंच पेटलं होतं.

"तुला काय, तुझी सोय झालीय," ताई धाकट्याला म्हणत होती. "मोठा क्लब आला की दिव्यांचं काम तुला मिळणार. मला कळत नाही असं समजू नकोस."

"मग मिळू दे की! इथे चार म्हातारे आणि एक बल्ब, त्याचीही वायर सडलेली. किती दिवस धरून बसायचं?"

"आप्पांनी काढलाय हा क्लब."

"आप्पांनी काढलाय म्हणूनच वाईट वाटतं, ताई. नाहीतर मी केव्हाच म्हणालो असतो." धाकट्याने शिडी उचलून भिंतीला टेकवली. "मला काय आनंद होतोय का? मी इथे चालायला शिकलोय."

"वन्सं, तुम्ही यांच्या गुडघ्यांकडे बघा," वहिनी मध्ये पडल्या. "तुम्हाला आठवणी, आणि शेक मला द्यावा लागतो."

"वहिनी, तुम्ही खरं सांगा. क्लब बंद झाला की दर रविवारी दादा कुठे असणार?"

"घरी."

"सकाळपासून?"

वहिनींचा हात थांबला. हा विचार त्यांनी केलाच नव्हता असं नव्हे, पण इतका स्पष्ट केला नव्हता. स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून बघणारा, गॅस मोठा का ठेवलाय विचारणारा, मोलकरणीला केर कसा काढायचा ते शिकवणारा दादा त्यांना दिसला. आठवड्यातला तो एक दिवस त्या रेडिओ लावून, पाय वर घेऊन, कुणाशी न बोलता घालवत.

"गुडघ्यांना हल्ली चांगले पट्टे मिळतात म्हणे," त्या म्हणाल्या.

"वहिनी!" धाकटा म्हणाला. "तुम्हीच तर म्हणत होतात!"

"म्हणत होते, भाऊजी. माणसाने विचार करू नये का?"

ताई हसली आणि दादासमोर हात पसरून उभी राहिली. "दे बाबा माझा मासा. हे कधीचे उन्हात बसलेत."

दादाने कागदाकडे बघितलं. दिला की संपलं. ताई तो घरी नेईल, कपाटावर टाकेल, बाकीचे मासे उद्या चुलीत जातील आणि कुणाला कधी काही कळायचं नाही. रेडिमेड कपडे आल्यावर दुकान मान टाकत गेलं, हाताखालची माणसं गेली, गिऱ्हाइकं गेली. पण रस्त्यात लोक अजून "काय अध्यक्ष" म्हणून हाक मारत. क्लब बंद करणंसुद्धा त्याला सोसवलं होतं, कारण तो न हरता बंद करणार होता. आणि ते उलट्या अक्षरांचं बोलणं. ते तेव्हा खरं होतं, निदान खऱ्याच्या बाजूचं होतं, एवढ्यावर तो तीस वर्षं निभावत आला होता.

"थांब, चिमे," तो म्हणाला. "हा कापलास तेव्हा तू माया सोडली नव्हतीस?"

"माशाला कसली माया? मासा काय बाळंतपणानंतर सुटणार होता?" ताई म्हणाली. "आणि नवऱ्याचा मासा. केसभर जादा सोडला असता तर तूच पहिला बोंबलला असतास की, बघा, नवऱ्याला वाढवून देतेय. ठिपक्यावरून कापला मी, श्वास रोखून."

"आप्पांनी सोडलीय."

"कशाला?"

"सगळ्यांना. माझ्यालाही."

ताईने त्याच्या माशाचा कागद घेतला, खिडकीशी गेली आणि उजेडात धरला. "अगं बाई," एवढंच म्हणाली.

"काय झालं? मला कुणी सांगेल का?" वहिनींनी विचारलं.

"काय होणार?" धाकट्याने मनाशी बोटं मोजून बघितली होती. "दादा अध्यक्ष नाही. कधी नव्हताच." मग त्याला भावाचा चेहरा दिसला आणि तो घाईने म्हणाला, "राहू दे ना, दादा. कुठला कधीचा मासा. आता कोण विचारतंय?"

मघापासून क्लबासाठी भांडणारी ताई वळली. तिचे डोळे भरले होते. "मी नाही सांगणार त्यांना," ती म्हणाली. "या वयात तुझी मान खाली घालून मला काय मिळणार? तुझं तू ठरव."

आयुष्यभर आपल्याला शब्दाला शब्द देणारी बहीण अशी बाजूला झाली, हेच दादाला सोसेना. ती भांडली असती तर तोही भांडला असता. त्याने ताईकडून आपला कागद घेतला आणि दोन्ही मासे घेऊन बाहेर गेला.

दाजी पायरीवर वर्तमानपत्र उघडून बसले होते. छापखाना सोडून इतकी वर्षं झाली तरी बातमी नंतर, आधी छपाईच्या चुका. प्रत्येक चुकीखाली नखाने रेघ.

"निघायचं का?" त्यांनी वर न बघता विचारलं. मग दादा दिसला आणि ते उठून उभे राहिले. "काय, दादा."

"हा माझा मासा. उन्हाकडे धरा."

"कशाला?"

"धरा हो. ठिपके दिसतायत का?"

"दिसतायत."

"ठिपक्यांपर्यंत मासा. त्याच्याबाहेर सगळा आप्पांचा हात. आता हा तुमचा धरा."

दाजींनी धरला. आधी लांबून, मग डोळ्यांजवळ. उलटी अक्षरं सुलटी वाचणारे ते डोळे. त्यांना वेळ लागला नाही. कागदाच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, डोक्यापासून शेपटीपर्यंत.

दाराशी तिघं येऊन उभी राहिली होती. दादाला हे माहीत होतं, आणि बरंच झालं असं त्याला वाटलं.

"दाजी, तुमचा मासा मोठा होता," तो म्हणाला. "आणि तेव्हा मी जे बोललो..."

"ते राहू द्या."

"कसं राहू देऊ? चारचौघांत बोललो होतो. आता चौघं आहेत, चौघांत मागे घेतो. चुकलं माझं."

दाजींनी कागद हळूच खाली घेतला.  या क्षणाची त्यांनी घरी कितीदा उजळणी केली होती. काय बोलायचं, कसं बोलायचं, वर एखादा टोमणाही तयार होता.

"मला वाटायचं, हे कळेल तेव्हा फार बरं वाटेल," ते म्हणाले. "पण तसं काही होत नाहीये."

"का?"

"घरात बसून मोठा होतो ना मी. काय करायचं त्याला? इथे असतो आणि दुसरा असतो तरी चाललं असतं हो." त्यांनी तळ्याकडे बघितलं. पलीकडच्या काठावरची झाडं ते निघून गेले तेव्हा कमरेएवढी होती. "पोस्टमन गेले, पाववाले गेले. काय माणसं होती. त्यांच्याबरोबरचे सगळे रविवार मी खोलीत पंख्याखाली काढले. ही इथून घरी गेली की मी विचारायचोसुद्धा नाही, आज कुणाला काय लागलं. आणि कान सगळे तिकडेच."

"मी सांगायचे की," दारातून ताई म्हणाली. "भिंतीला सांगितल्यासारखी."

"ऐकायचो. सगळं ऐकायचो."

दादा पायरीवर टेकला. गुडघ्यांनी कटकट केली. "तुम्ही गेलात आणि मला हरवायला कुणी उरलं नाही," तो म्हणाला. "पहिली काही वर्षं बरं वाटलं. मग मी गळ टाकायचो तो नुसता टाकायचा म्हणून. खरं सांगू का? माझ्याहून मोठा मासा लागला असता तरी कुणाला दाखवला असता? आप्पाही गेले."

 धाकट्याने नाक ओढलं आणि वर पत्र्याकडे बघून ही वायर अजून दहा वर्षं टिकेल असं काहीतरी पुटपुटला. मघाशी त्यानेच ती सडलीय म्हणून सांगितलं होतं. वहिनींनी त्याला कोपराने ढोसलं.

त्या वेळी रस्त्यावर गाडी थांबली. मोठ्या क्लबचा माणूस ठरल्यापेक्षा लवकरच आला होता. तरणाबांड, गोड बोलणारा, शर्टावर क्लबाचं चिन्ह. पायवाटेने येतानाच त्याने तळं नजरेने मापून घेतलं, आणि सगळ्यांत वयस्कर दिसणाऱ्या दादापुढे हात केला.

"अध्यक्ष ना? फोनवर आपलंच बोलणं झालं होतं."

हात दादाच्या समोर होता. तीस वर्षांच्या सवयीने त्याचाही हात अर्धा वर गेला. मग त्याने तो खाली घेतला.

"बोलणं माझ्याशीच झालं होतं," तो म्हणाला. "पण अध्यक्ष हे. आमचे दाजी."

दाजी एकदम त्याच्याकडे वळले. दारातून कुणीतरी श्वास आत घेतल्याचा आवाज आला, ताई असावी. त्या माणसाने गोंधळून हात दाजींकडे वळवला.

"बरं बरं. मग, साहेब, ताबा आज देताय ना?"

दाजींनी आधी हातातला कागद घडी न घालता वर्तमानपत्रात ठेवला. मग त्याचा हात हातात घेतला, आदराने हलवला आणि सोडला.

"आज जमायचं नाही," ते म्हणाले. "आज रविवार. मला मासे धरायला बसायचंय."

"हरकत नाही. मग उद्या येऊ?"

"उद्या कशाला? पुढच्या रविवारीही मी इथेच आहे, आणि त्याच्या पुढच्याही. बरेच रविवार राहिलेत माझे."

"पण साहेब, ठरलं होतं आपलं," तो माणूस म्हणाला, आणि मदतीसाठी दादाकडे वळला. "काका, तुम्ही तरी सांगा ना यांना."

"माझ्याकडे बघू नका," दादा म्हणाला. "त्यांचा मासा मोठा आहे."